पुसू नये

संध्याकाळी सहाला खोली क्रमांक चौदाला माझी किल्ली लागते.
बादली, पोछा, कोरडं फडकं.
खिडकीबाहेर नदी, जिला रिमुस्कीत आम्ही सगळे समुद्रच म्हणतो,
काठाकडून आत आत गोठत चाललेली.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात मादाम थेरियोंनी
सप्टेंबरातच चौकट आखून ठेवलीय.
वर ठळक अक्षरांत: पुसू नये.

सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ, वादळ असलं तरी.
तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी.
वर्गात सहा तास, घरी आणखी दोन.
आपली भाषा कोटाबरोबर खुंटीला टांगा,
जाताना आठवणीने घेऊन जा.
चुका करा, पण मोठ्याने करा.

एवढं वाचायला मला तीन संध्याकाळी लागल्या,
ओठ हलवत, बोट फिरवत.
मी इथलाच. बाराव्या वर्षी बापाने शाळेतून उचललं
आणि लाकूडतोडीच्या छावणीत नेऊन उभं केलं.
फ्रेंच माझ्या तोंडात दातांच्या आधी आली,
हातात आलीच नाही.

मुलं म्हणायची तर मुलं नव्हेत ही.
एलिएसेर वेल्डर आहे, कोलंबियाचा,
त्याच्या बाकाखाली क्रियापदांचे बोळे सापडतात,
एकेक इतका आवळलेला, की उलगडताना फाटतो.
ओस्ताप युक्रेनहून आलेला, एकाहत्तर वर्षांचा.
सत्तरला आम्ही साठ-दहा म्हणतो, हे कळलं त्या दिवशी
व्हरांड्यात मला गाठून छाती ठोकून म्हणाला,
साठ-अकरा! म्हणजे मी अजून साठीतच!

आणि सेलामावित.
तिची बस सुटली होती, पुढचीला चाळीस मिनिटं होती.
वहीतून मान वर न काढता तिने विचारलं,
बर्फ, तो की ती?
ती, मी म्हणालो.
दार?
ती.
ही लाकडी जमीन?
तो.
का?

पोछा हातात घेऊन मी उभाच राहिलो.
पन्नास वर्षं दारं उघडतोय, जमिनी पुसतोय,
असं कुणी विचारलं नव्हतं,
मीही नाही.

लिहून दाखवता? तिने पेन्सिल पुढे केली.
हात ओले आहेत, मी म्हणालो.
तिने माझ्या हातांकडे पाहिलं. हात कोरडे होते.
काही बोलली नाही.
स्वतःच लिहिलं, मोठ्या अक्षरांत, सावकाश,
आणि वही सहज सरकवावी तशी
माझ्या बाजूला सरकवली.

तेव्हापासून मी फळा उशिरा पुसतो.
'ते बोलतात' याच्या शेवटी तीन अक्षरं असतात,
ती लिहायची असतात, म्हणायची नसतात.
मला कळलं तेव्हा बादलीवर बसलो थोडा वेळ.
आयुष्यभर मी ही अक्षरं गिळत आलो,
ती ताटात होती हेच ठाऊक नव्हतं.

काल कुणी नव्हतं. बाहेर भुरभुर चालू होती.
मी खडू घेतला आणि डाव्या कोपऱ्यात, खाली,
जिथे कुणाचं सहसा लक्ष जात नाही,
लिहिलं: ते बर्फाबद्दल बोलतात.
मग दिवे घालवून निघालो,
चोरी केल्यासारखा, बादली विसरून.

आज आलो तर ओळ तशीच होती.
माझ्या क्रियापदाला मात्र हिरव्या खडूने
तीन अक्षरं जोडलेली, बारीक, कुणाच्या लक्षात येऊ नयेत अशी.
अक्षर मादामचं नव्हतं.

सगळा फळा पुसला मी, ती ओळ सोडून.
तिच्याभोवती चौकट आखली, जरा वाकडीच झाली,
आणि वर लिहिलं: पुसू नये.
त्यात एफ एकदा की दोनदा, ते मात्र
उजव्या कोपऱ्यात बघून घेतलं.